भाव चढला की सरकार येते

बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी नामपूर आहे. नदीच्या वरच्या अंगाला हरणबारी धरण, त्याच्याही वर साल्हेर-मुल्हेरचे डोंगर, आणि खाली उतरत गेले की मालेगाव. कळवण, सटाणा (म्हणजे बागलाणच), मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांना इथली माणसे एका दमात 'कसमादे' म्हणतात. या पट्ट्यात आगाप द्राक्षे आली, डाळिंब आले, तेल्या रोगापायी डाळिंबाच्या बागा उपटाव्या लागल्या. कांदा मात्र टिकून राहिला. नामपूरला स्वतःची बाजार समिती आहे आणि करंजाडला तिचा उपबाजार.

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत तिथला लिलाव पाहण्यासारखा असतो. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेला लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाजवळ थांबतो, कोणी मूठभर कांदा उचलून दाबून पाहतो, रंग आणि पत्ती बघतो, बोली सुरू होते आणि बघता बघता संपते. मग वाहन व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तिथे माल ओतल्यावर खालच्या थरात गोल्टी (बारीक कांदा) किंवा खाद (खराब माल) निघाली तर वांधा पडतो आणि ठरलेला भाव पुन्हा खाली येतो. वजन, हमाली, तोलाई, हिशोबपट्टी. उळे (कांद्याचे बी) टाकल्यापासून काढणीपर्यंतच्या साऱ्या महिन्यांचा निकाल एका सकाळीत लागतो.

त्या घोळक्यात एक गडी कधीच दिसत नाही, आणि भावावर सर्वांत जड हात त्याचाच असतो. तो म्हणजे दिल्लीतले सरकार.

सरकारने बाजारात हात घालू नये असे सांगणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांची परंपरा ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथापासून धरली तर अडीचशे वर्षांची भरते. आपल्याकडे ही टीका बहुधा कारखानदारांच्या तोंडी ऐकू येते, त्यामुळे ती श्रीमंतांच्या सोयीची असावी असा समज होतो. महाराष्ट्रात तिची सर्वांत धारदार मांडणी कारखानदारांनी केलेली नाही, कांदा-ऊस पिकवणाऱ्यांनी केली. म्हणून ती कांद्याच्याच सोबतीने समजून घेऊ.

आधी अगदी अलीकडची हकीकत. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले. शेतकऱ्यांचा राग पाहून २२ ऑगस्टला घोषणा झाली, की सरकार २,४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन कांदा विकत घेणार. हाच साठा पुढे शहरांतून २५ रुपये किलोने विकायला काढला. म्हणजे खाली पाडलेला भाव सावरायला खरेदी, आणि सावरलेला भाव पुन्हा पाडायला विक्री. २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरले, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा देशाबाहेर पाठवायचा नाही. तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात साफ बंद. बंदी ३१ मार्चपर्यंत होती. मुदत संपायच्या आठवडाभर आधी ती बेमुदत वाढवली. नाशिकच्या बाजारांतला भाव काही आठवड्यांत निम्म्याखाली आला.

एप्रिलच्या अखेरीस सरकारने गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची वेगळी परवानगी दिली. त्यावर नाशकात गहजब झाल्यावर सहा देशांना ९९,१५० टन पाठवण्याची मुभा असल्याचे जाहीर झाले. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. २० मे रोजी नाशिक, दिंडोरी आणि धुळे मतदारसंघांत मतदान होते. सत्ताधारी बाजू तिन्ही जागा हरली. नामपूर ज्यात येते त्या धुळ्यात फरक अवघ्या ३,८३१ मतांचा होता. (सगळे श्रेय कांद्याला देऊ नये, धुळ्याचा निकाल मालेगाव शहराच्या मतांनी फिरवला. दिंडोरीत मात्र कांद्याखेरीज दुसरे कारण शोधायला कष्ट पडतात.)

लुडविग फॉन मिझेस या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली सरकारी हस्तक्षेपाची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. सरकार एखादी किंमत हुकमाने खाली आणते, त्यातून नको तेच घडते, ते निस्तरायला दुसरा हुकूम निघतो, त्याच्यापायी तिसरा, असा त्याचा युक्तिवाद होता. पुस्तकात वाचताना ही अतिशयोक्ती वाटते. शुल्क, खरेदी, स्वस्त विक्री, किमान मूल्य, बंदी, मुदतवाढ, अपवाद, पुन्हा शुल्क हा नऊ महिन्यांचा क्रम पाहिल्यावर वाटत नाही.

पण हुकमाने भाव पडतो, हे सांगायला अर्थशास्त्राची गरज नाही. साठवणुकीच्या चाळीतला कांदा पुढच्या वर्षीही त्या हुकमाचे ओझे वाहतो, हे सांगायला मात्र आहे. आणि या टीकेतला सर्वांत कसदार भाग तोच आहे.

देशाच्या कांद्यापैकी जवळपास दोन तृतीयांश रब्बीचा, म्हणजे आपला उन्हाळ कांदा. तो मार्च ते मे या काळात निघतो. नवा लाल कांदा येतो ऑक्टोबरनंतर, त्यामागून रांगडा. मधले पाच-सहा महिने देश चाळीतल्या कांद्यावर जेवतो. चाळीत कांदा सुकतो, सडतो, कोंब धरतो. ३० ते ४० टक्के घट ही नेहमीची गोष्ट आहे. पावसाळ्यानंतर भाव का चढतो, याचे अर्धे उत्तर या घटीत आहे.

हिशेब करून पाहू. समजा एप्रिलमध्ये भाव १,२०० रुपये क्विंटल आहे. शेतकऱ्याने १०० क्विंटल चाळीत भरले. ऑक्टोबरमध्ये ७० उरले. एप्रिलमध्ये विकून जेवढे पैसे मिळाले असते तेवढेच मिळवायला त्याला सुमारे १,७१५ रुपये भाव लागेल. चाळीचा खर्च, मजुरी आणि कर्जावरचे व्याज यात धरलेलेच नाही. आता चार वर्षांची चाल बघू. समजा तीन वर्षे ऑक्टोबरचा भाव १,५०० राहतो आणि चौथ्या वर्षी अवकाळीने नवा माल बुडून ४,००० होतो. चार वर्षांची सरासरी येते २,१२५. तीन वर्षे पदरमोड करून चौथ्या वर्षी ती भरून निघते, वर काही उरते. साठवणूक परवडते.

आता चौथ्या वर्षी सरकार येते आणि बंदी घालून भाव २,४०० वर रोखते. पहिली तीन वर्षे तशीच राहतात, कारण १,५०० चा भाव पाहून सरकार येत नाही. नवी सरासरी १,७२५. म्हणजे चार वर्षे जोखीम घेऊन क्विंटलमागे दहा रुपये, आणि चाळीचा खर्च अंगावर. असा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात तो असतो. एप्रिल-मेमध्येच माल मोकळा करणाऱ्यांची संख्या वाढते, तेव्हाचा भाव आणखी पडतो, आणि सप्टेंबरमध्ये चाळीत कांदा कमी उरतो. टंचाई आधीपेक्षा मोठी. मग सरकारला यायला आणखी सबळ कारण.

ज्याला आपण साठेबाज म्हणून शिव्या देतो तो एप्रिलचा स्वस्त कांदा ऑक्टोबरच्या ग्राहकापर्यंत नेणारा माणूस असतो, मग तो शेतकरी असो की व्यापारी. कांदा लासलगावहून कोलकात्याला नेणाऱ्या ट्रकवाल्याला भाडे द्यावे लागते हे सर्वांना पटते. तोच कांदा वैशाखातून अश्विनात नेणाऱ्याला भाडे द्यावे लागते हे पटायला जड जाते. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे आणि त्याखाली साठ्यावर मर्यादा घालता येते. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदीसोबत घाऊक व्यापाऱ्यांना ५०० आणि किरकोळ विक्रेत्यांना १०० क्विंटलची मर्यादा घातली गेली. लासलगाव किंवा पिंपळगावच्या मोठ्या व्यापाऱ्याचे ५०० क्विंटलमध्ये काय होणार? वीस-बावीस ट्रॅक्टर भरले की संपले. तो लिलावात हात आखडता घेतो आणि झळ बसते ती ट्रॉलीवर बसलेल्या शेतकऱ्याला.

हे सगळे कसमादेला पुस्तकांतून कळलेले नाही. बर्नमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून शरद जोशी १९७७ साली परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले आणि हिशेब ठेवू लागले. चाकणच्या बाजारात १९७८ मध्ये कांद्यासाठी पहिले आंदोलन झाले. १९८० च्या नोव्हेंबरात ते नाशिक जिल्ह्यात पेटले. कांद्याला भाव आणि उसाला टनाला ३०० रुपये या मागणीसाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या. पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे आणि निफाडचे प्रल्हाद पाटील कराड हे जोशींचे इथले साथी. खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. त्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये जोशींच्या शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन भरले ते नामपूरच्या तालुक्याच्या गावी, सटाण्याला.

भीक नको, घामाचे दाम हवेत, ही त्या काळची घोषणा. तिच्यात एक अडचण होती आणि जोशींच्या टीकाकारांनी ती लगेच पकडली. उत्पादन खर्चावर आधारलेला भाव मागायचा तर तो देणार कोण? सरकारच. मग हा हस्तक्षेपाला विरोध कसा? जोशींचे उत्तर असे होते, की सरकारने भाव पाडण्याचे उद्योग थांबवले तर रास्त भाव बाजारच देईल. या उत्तरावर ते टिकून राहिले. १९९१ नंतर देशभरच्या शेतकरी संघटना आंतरराष्ट्रीय व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध मोर्चे काढत असताना ते प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, राजाजी आणि मिनू मसानींच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षाचा वारसा नावातच सांगणारा. मते फारशी मिळाली नाहीत. शेतकऱ्याला आंदोलनात त्यांचे पटत असे, मतदान करताना तो कर्जमाफीवाल्याकडे जाई. या गोष्टीचा विषाद जोशींना होता. मला तर त्यात मतदाराचे शहाणपण दिसते. सरकारने हात काढून घेण्याचे आश्वासन कोणी पाळत नाही हे त्याला माहीत होते, तेव्हा निदान हातात काही पडेल असे आश्वासन त्याने निवडले.

त्यांचा 'उणे सबसिडी' हा शब्द मात्र टिकला. खत, वीज, पाणी यांवर सरकार शेतकऱ्याला जेवढे देते त्याहून अधिक निर्यातबंदी, आयात आणि लेव्ही यांच्या वाटेने काढून घेते, वजाबाकी केली तर उत्तर उणे येते, असा त्याचा अर्थ. अनेक वर्षे ही चळवळीची अतिशयोक्ती मानली गेली. मग २०१८ साली ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने दिल्लीच्या इक्रिअर संस्थेसह भारताच्या शेतीधोरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१७ या काळात सगळ्या सबसिड्या जमेस धरूनही धोरणांमुळे शेतकऱ्यांचे एकूण उत्पन्न सरासरी १४ टक्क्यांनी घटले, असा त्यांचा हिशेब निघाला.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. पीटर बाउअर या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारावर ग्रंथ लिहिला. आजच्या घानात कोको फक्त सरकारी मंडळाला विकायचा असा नियम होता. चांगल्या वर्षी थोडे राखून ठेवायचे आणि पडत्या वर्षी ते शेतकऱ्याला द्यायचे, असे मंडळाने सांगितले होते. राखून ठेवणे नियमित झाले, देण्याची वेळ काही आली नाही. महाराष्ट्राने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली तेव्हा हेतू असाच चांगला होता. पण बाहेर भाव बरा असला की विदर्भ-खान्देशच्या शेतकऱ्याचा कापूस रात्री सीमा ओलांडून शेजारच्या राज्यात जाऊ लागला, आणि स्वतःच्या शेतातला माल नेणारा माणूस तस्कर ठरला. बाहेर भाव पडला की सगळा कापूस सरकारी केंद्रावर आणि तोटा राज्याच्या तिजोरीवर. तीस वर्षांनी योजना गुंडाळावी लागली.

सरकार असे का वागते? दुष्टपणाने, असे समजणे सोपे आहे. जेम्स ब्युकॅनन यांना १९८६ चे नोबेल मिळाले ते याच प्रश्नासाठी. सरकारातली माणसेही बाजारातल्या माणसांसारखीच आपला लाभ-तोटा बघतात, हे गृहीत धरून त्यांनी राजकारणाचा अभ्यास केला. कांद्याला ते नेमके लागू पडते. २०१२ पायाभूत वर्ष धरून काढलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार अवघा ०.६४ टक्के होता. पण १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात आणला आणि १९९८ मध्ये दिल्लीत सुषमा स्वराज यांचे सरकार गेले त्यातही कांदा होता. तेव्हापासून प्रत्येक मंत्र्याला हे पाठ आहे, की ८० रुपये किलोचा कांदा दूरदर्शनवर दिसतो आणि ३ रुपये किलोचा दिसत नाही. ग्राहक देशभर आहे आणि रोज बाजारात जातो. कांद्यावर पोट असणारा शेतकरी मोजक्या जिल्ह्यांत आहे. मंत्रिपदावर कोणीही बसवा, शेतकऱ्याचा मुलगा बसवा, निर्णय तोच होतो.

त्याचा पुरावा एका तारखेत आहे. १४ सप्टेंबर २०२०. जूनमध्ये वटहुकमाने जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती झाली होती. भाव विलक्षण चढल्याखेरीज कांद्यावर साठामर्यादा येणार नाही अशी त्यात हमी होती. त्या दुरुस्तीचे विधेयक १४ सप्टेंबरला लोकसभेत मांडले ते जालन्याच्या रावसाहेब दानवेंनी. त्याच दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाने कांद्याची निर्यात बंद केल्याची अधिसूचना काढली. दोन्हींत कायदेशीर विसंगती नव्हती, कारण निर्यातबंदी १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली येते आणि दुरुस्ती त्याला स्पर्श करत नव्हती. २३ ऑक्टोबरला, नव्या कायद्यातल्या 'विलक्षण' या अपवादाचा आधार घेऊन, घाऊक व्यापाऱ्यांवर २५ टनांची साठामर्यादाही परत आली. पुढे पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी या दुरुस्तीसह आलेल्या तिन्ही कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीला वेढा दिला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते; कायदे सुधारून ठेवावेत असे त्यांचे मत. पंजाबच्या शेतकऱ्याला हमीभावाने खरेदी करणारे सरकार माहीत होते, नाशिकच्या शेतकऱ्याला निर्यात अडवणारे. एकाच देशातल्या दोन शेतकऱ्यांना सरकारची दोन तोंडे दिसली आणि दोघेही आपापल्या अनुभवाला प्रामाणिक राहिले.

बंदीची किंमत बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या रूपातही मोजावी लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी भर सभेत म्हटले, की बंदी घालणार असाल तर आधी सांगा, मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे. लोक हसले. पण भारत केव्हाही दार लावून घेतो हे ध्यानात आल्यावर बांगलादेशाने इतर देशांकडून कांदा आणायला आणि स्वतःचे पीक वाढवायला सुरुवात केली. गेलेले गिऱ्हाईक अधिसूचना रद्द केल्याने परतत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती दुबळी नाही.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना ब्रिटिश सरकारचे धोरण नेमके हेच होते, की धान्याच्या बाजारात हात घालायचा नाही. बंदरांतून धान्य बाहेर जात होते. त्या सरकारचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा शिधा अर्ध्या किलोच्या आसपास आणला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. या पिढीतून आलेले न्यायमूर्ती रानडे १८९२ साली डेक्कन कॉलेजमध्ये भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना इंग्लंडमधले खुल्या व्यापाराचे सिद्धांत इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत असे बजावतात, ते उगाच नव्हे. महाराष्ट्राला मुक्त बाजाराची पहिली ओळख भुकेतून झाली.

बाजार समित्याही हौसेने उभ्या राहिल्या नाहीत. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे गुपित भाव, खोटे काटे आणि नमुन्याच्या नावाखाली काढून घेतलेला माल यांना आळा घालायला उघडा लिलाव आला. १९६३ चा पणन कायदा त्या मालिकेतला. पुढे त्या आवाराचीच मक्तेदारी झाली, परवाना असलेले मोजके व्यापारी एकमेकांचा भाव न वाढवण्याचे ठरवू लागले, हे खरे. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला समितीच्या बाहेर विकायला मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली, तेव्हा नाशिकचे लिलाव अनेक दिवस बंद राहिले. पण बाहेर विकायची मुभा मिळूनही नामपूरच्या ट्रॉल्या आजही आवारातच जातात. शिवार खरेदीत माल उचलून पैसे बुडवणारा व्यापारी पळून गेला तर शेतकऱ्याने कोणाची गचांडी धरायची? समितीत निदान दाद मागायला दार आहे. मुक्त बाजारालाही पैसे वसूल करून देणारे सरकार लागतेच, आणि त्याबाबतीत आपले सरकार फार ढिले आहे.

त्याहून अवघड प्रश्न फेब्रुवारी २०२३ चा आहे. तेव्हा निर्यातबंदी नव्हती, शुल्क नव्हते, साठामर्यादा नव्हती. तरी भाव कोसळला. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, खर्च वजा जाता, दोन रुपये मिळाले आणि तेही पुढच्या तारखेच्या चेकने. राज्य सरकारने मग क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, २०० क्विंटलच्या मर्यादेत. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद हवी, या अटीवर बरेच जण अडकले. बाजारवादी म्हणेल, आधीच्या बंद्यांनी गिऱ्हाईक तोडले होते, साठवण आणि प्रक्रियेत कोणी पैसा घातला नव्हता, त्याची ही फळे. यात तथ्य आहे, पण पूर्ण उत्तर नाही. लागवड वाढली, लाल आणि रांगडा एकदम आला, आणि लगेच नासणाऱ्या पिकाचा भाव तळाला गेला. हा बाजाराचाच स्वभाव आहे. शिवाय हरणबारीचे पाणी बाजाराने आणलेले नाही, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे २०२४ पासून माफ झालेले वीजबिलही बाजाराने भरलेले नाही. सरकार नको म्हणणाऱ्याने ही जमेची बाजूही वहीत लिहायला हवी. 'किसानपुत्र आंदोलना'चे अमर हबीब यांच्यासारखे काही जण तसे लिहितात. कमाल जमीन धारणा, जीवनावश्यक वस्तू आणि भूसंपादन हे तीन कायदे काढा, बाकी अनुदाने आम्हाला नकोत, असे त्यांचे म्हणणे असते. गावात ते ऐकले जाते. पंपाच्या बिलाचा विषय निघाला की सभा पांगते.

तरीही कांद्यापुरता निकाल द्यायचा तर मी टीकाकारांच्या बाजूने देईन. कांदा म्हणजे दुष्काळातले धान्य नव्हे. तो दोन महिने कमी खाल्ला तर कोणी मरत नाही. आणि हस्तक्षेप करायचाच असेल तर तो दोन्ही अंगांनी हवा, आधी जाहीर केलेल्या आकड्यावर हवा. भाव अमुकच्या वर गेला तर शुल्क, तमुकच्या खाली गेला तर खरेदी, हे जानेवारीत, लागवडीच्या वेळी छापून टाकावे. मग शेतकरी चाळ किती भरायची ते ठरवील, व्यापारी सौदे करील, ढाक्याचा आयातदारही विसंबून राहील. सरकारला हे नको असते, कारण आकडा छापला की निवडणुकीच्या महिन्यात तो बदलता येत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीआधी, किमान निर्यात मूल्य रद्द झाले आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही उठले. १९९२ चा विदेश व्यापार कायदा, ज्याखाली एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद करता येते, त्यातला तो अधिकार तसाच ठेवलेला आहे.